आंब्याचे पैसे एमआरआयवर घालवू नका

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. चार पानी, दोन्ही बाजूंनी भरलेलं. सगळं छापता येत नाही, गाभा तेवढा देते.

"बाई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा चौथीत जाईल. बोलायला चुणचुणीत. जत्रेत दशावतार बघितला की दुसऱ्या दिवशी अंगणात सगळी सोंगं संवादांसकट करून दाखवतो. पण पुस्तक उघडलं की चेहरा उतरतो. 'पावसाळा' हा शब्द पा… व… सा… असा सुटा सुटा वाचतो आणि 'ळा'वर पोचेपर्यंत सुरुवातीचं विसरून जातो. पाठ झालेला धडा घडाघडा म्हणतो, पण मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की गप्प. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. सासूबाई म्हणतात, 'ह्येच्या आजोबाक तरी खंय वाचूक येय होता? होडी चलयल्यानच मा?' मालकांचंही तेच मत. त्यांनी सातवीत शाळा सोडली. बँकेचे, सोसायटीचे कागद मीच भरते, ते सही करतात. मुंबईच्या दिरांनी मोबाइलवर एक लेख पाठवला. त्यात होतं की डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन मुळातच जड जाणाऱ्या, मुलांच्या मेंदूतला पांढरा भाग वेगळा असतो आणि तो एमआरआयमध्ये कळतो. तेव्हापासून झोप नाही. पोटात असताना माझ्याकडून काही चुकलं का? कोल्हापूरला नेऊन एमआरआय काढावा असं मनात आहे, यंदाच्या आंब्याचे पैसे त्यासाठी वेगळे काढून ठेवलेत. काढू का? आणि मेंदूतच दोष असला तर तो कधी भरून येतो का?"

पत्राला त्याच्या वहीचं एक पान टाचलेलं आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर तुमचा जीव थाऱ्यावर येणार नाही. एमआरआय काढू नका. एका मुलाच्या मेंदूचं चित्र बघून त्याला डिस्लेक्सिया आहे की नाही हे सांगता येत नाही. कोल्हापुरात नाही, मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. दिरांनी पाठवलेला लेख खोटा असेल असं मी म्हणत नाही. त्यातलं संशोधन खरं आहे, पण ते गटांवरचं आहे: अडखळत वाचणारी इतकी मुलं, सहज वाचणारी इतकी मुलं, आणि दोन्ही गटांची सरासरी. सरासरीतला फरक बारीक असतो. सहज वाचणाऱ्या कित्येक मुलांचे आकडे दुसऱ्या गटात बसतील असे असतात, आणि उलटही. त्या आकड्यावरून तुमच्या एकट्या मुलाबद्दल काहीही ठरवता येणार नाही.

मी अडवते आहे त्याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा तुम्ही गेलात. पोर त्या नळकांड्यात न हलता पडून राहिलं, ठकठक आवाजाने घाबरलं, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला: नॉर्मल. बहुधा तसाच येईल. दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ, सूज, रक्तस्राव, जुनी इजा अशा गोष्टी शोधतात. संशोधक जे मोजतात ते वेगळ्या पद्धतीने चित्रं घेऊन आणि त्यावर पुष्कळ आकडेमोड करून. मग तो नॉर्मल रिपोर्ट घरी आल्यावर काय होईल? "मेंदू बरो आसा मा? मगे हो आळशीच." आज निदान तुम्ही त्याच्या बाजूने आहात. त्या कागदानंतर तुमच्याही मनात शंका शिरेल, आणि आंब्याचे पैसे खर्चून तुम्ही त्याच्याविरुद्ध एक पुरावा विकत आणलेला असेल.

हे डिस्लेक्सियापुरतंच लिहिते आहे. मुलाला फिट येत असेल, आधी नीट वाचणारं मूल हळूहळू वाचायचं विसरत चाललं असेल, सकाळी डोकं दुखून उलट्या होत असतील, एका बाजूचा हातपाय लुळा वाटत असेल, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं. मग ते सांगतील तो स्कॅन काढायचा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

आता तो पांढरा भाग. तुम्हाला त्याची भीती वाटते आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराखाली तंतूंची जुडगीच्या जुडगी असतात. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणं हे त्यांचं काम. या तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन असतं. त्यामुळेच तो भाग पांढरा दिसतो, आणि त्यामुळेच निरोप वेगाने जातो. याला श्वेतद्रव्य म्हणतात. ते तुमच्याकडे आहे, माझ्याकडे आहे, तुमच्या मुलाकडेही आहे. काही मुलांना असतं आणि काहींना नसतं अशी ती वस्तू नाही.

संशोधक ते मोजतात कसं? पाण्यावरून. मेंदूतल्या पाण्याचे कण सतत हलत असतात. मोकळ्या जागेत ते सगळ्या दिशांना सारखेच जातात, पण तंतूंच्या जुडग्यात लांबीच्या दिशेने जास्त आणि आडवे कमी. तुमच्याकडे माड-पोफळीला पाटाने शिंपण करत असतील. पोफळीचं खोड मधून चिरून केलेली पन्हळ डोळ्यांसमोर आणा. काठ शाबूत असेल तर पाणी सरळ पुढच्या आळ्यात जातं, काठ झिजला असेल तर वाटेत बाजूला झिरपतं. खास प्रकारच्या एमआरआयमध्ये पाणी किती एकमार्गी चाललं आहे याचा आकडा काढतात, शून्य ते एकच्या दरम्यान. इंग्रजीत त्याला फ्रॅक्शनल ॲनिसोट्रॉपी म्हणतात. लेखात हा शब्द वाचून तुम्ही दचकला असाल, तर त्याचा अर्थ एवढाच.

2000 साली टॉर्केल क्लिंगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या प्रौढ माणसांचे असे आकडे काढले. वाचताना अडखळणाऱ्यांमध्ये, दोन्ही कानांच्या वर-मागे जो भाग येतो तिथे, आकडा कमी दिसला. पुढच्या वर्षांत लक्ष गेलं ते डाव्या बाजूच्या कमानीसारख्या एका जुडग्याकडे, आर्क्युएट फॅसिक्युलसकडे. ऐकलेला आवाज ओळखणारा भाग आणि उच्चाराची जुळवाजुळव करणारा पुढचा भाग यांना ते जोडतं. 'पावसाळा' वाचताना 'पा'चा आवाज मनात धरून ठेवायचा, त्याला 'व' जोडायचा, मग 'सा', मग 'ळा'. तुमचा मुलगा अडतो तो नेमका याच जोडकामात. म्हणून संशोधकांना त्या जुडग्यात इतका रस आहे.

पण मी आजवर जेवढं वाचलं आहे त्यावरून सांगते, हे चित्र लेखात असतं तितकं स्वच्छ नाही. जिथे दोन पाट एकमेकांना छेदतात तिथे पाणी एकमार्गी राहत नाही, मग दोन्ही पाट अगदी धडधाकट का असेनात. मेंदूतही तंतू जागोजाग एकमेकांना ओलांडून जातात आणि तिथे आकडा आपोआप उतरतो. म्हणजे कमी आकडा दिसला की काहीतरी बिघडलं आहे, असं म्हणता येत नाही. शिवाय सुरुवातीचे बरेच अभ्यास थोड्या माणसांवरचे होते. 2022 मध्ये सहाशेहून अधिक मुलांच्या स्कॅनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन-अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं यांच्या सरासरी आकड्यात त्यात ठळक फरक निघाला नाही. स्वतः संशोधकच अजून यावर वाद घालत आहेत, आणि तुम्ही मात्र एका मोबाइलवरच्या लेखाने महिनाभर जागताय, ताई.

"माझ्याकडून काही चुकलं का?" पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. नाही, तुमचं काही चुकलं नाही. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यातून येतो, डोळ्यांची ठेवण किंवा केसांचा कुरळेपणा येतो तसा. 2017 मध्ये बोस्टनच्या नादीन गाब यांच्या गटाने पाच ते सतरा महिन्यांच्या तान्ह्या बाळांचे झोपेत स्कॅन घेतले होते. ज्यांच्या घरात आधी कुणाला डिस्लेक्सिया होता अशा बाळांच्या त्या कमानदार जुडग्यात तेव्हाच थोडा फरक दिसला. पाटी-पेन्सिल अजून हातात यायची होती. ग्रहण, पडणं, काय खाल्लं, मोबाइल किती बघितला, यांच्याशी याचा संबंध जोडू नका, आणि दुसऱ्या कुणाला जोडू देऊ नका. शंभरातल्या पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एखाददोन तरी असतातच.

आणि तो दोष भरून येतो का? मी 'दोष' म्हणणार नाही. पण ते तंतू बदलतात का, असं विचारलंत तर हो, बदलतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टिमथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी 2009 मध्ये आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कच्चं वाचन असलेल्या मुलांना शंभर तास नेटाने, पद्धतशीर शिकवलं. शिकवण्याआधी आणि नंतर स्कॅन. मेंदूच्या डाव्या बाजूच्या श्वेतद्रव्यात ज्या जागी आकडा कमी होता तिथे तो वाढला, आणि तो ज्या रीतीने वाढला त्यावरून मायलिन वाढलं असावं असं त्यांनी मांडलं. ज्या कच्च्या वाचकांना ती शिकवणी मिळाली नव्हती त्यांच्यात हा बदल दिसला नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने सात ते बारा वर्षांच्या मुलांना आठ आठवडे, रोज चार तास शिकवलं आणि मधूनमधून स्कॅन घेतले. वाचन सुधारत गेलं तसतसे तंतूही बदलत गेलेले दिसले, तेही काही आठवड्यांत.

मोठ्या माणसांचंही तसंच. कोलंबियात शस्त्र खाली ठेवून गावी परतलेले माजी बंडखोर विशीनंतर वाचायला शिकले. त्यांच्या मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागच्या भागात, कधीच वाचायला न शिकलेल्या त्यांच्याच बरोबरच्या माणसांपेक्षा, श्वेतद्रव्य जास्त आढळलं. 2009 मध्येच तो अभ्यास आला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तंतू वेगळे म्हणून वाचन अवघड जातं हे काही अंशी खरं, आणि वाचन घडलं नाही म्हणून तंतू वेगळे राहतात हेही काही अंशी खरं. दोन्ही गोष्टी एकमेकांत इतक्या मिसळलेल्या आहेत की एका चित्रावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

तेव्हा पैसे आणि वेळ शिकवण्यावर खर्च करायचा. कसा, ते सांगते.

पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. कान विसरू नका. सर्दीने कान भरून राहणारी पुष्कळ मुलं आपल्या दमट हवेत मी बघितली आहेत, आणि ज्याला 'प' आणि 'ब' सारखेच ऐकू येतात तो ते वेगळे लिहिणार कसे? दोन्ही ठीक निघाले की जिल्हा रुग्णालयात जाऊन अध्ययन-अक्षमतेची (डिस्लेक्सिया याच नावाखाली येतो) तपासणी कुठे होते ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीतही ही अडचण आहे, त्यांनाही सांगा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. तपासणी मराठीतूनच व्हायला हवी. इंग्रजी शब्द वाचायला लावून मराठी शाळेतल्या मुलाचं निदान करायचं नसतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला आहे, तो मराठीतही आहे. तपासणाऱ्यांना त्याबद्दल जरूर विचारा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. निदान झालं आणि सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आपल्या राज्यात तर 1996 पासून त्या आहेत. कोकणात कित्येक पालक हा कागद लपवतात, पुढे मुलाला अडचण येईल म्हणून. लपवू नका.

तपासणाऱ्यांना आणखी एक सांगा, की घरी मालवणी बोलता. पुस्तकात 'कुठे' छापलेलं असतं आणि मूल 'खंय' वाचतं. वर्गात ती चूक धरतात. पण ज्याने 'कुठे' बघून 'खंय' म्हटलं त्याने तो शब्द वाचलाही आणि समजूनही घेतला. अशा चुका वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात, नाहीतर अर्धं मालवण डिस्लेक्सियाच्या यादीत जाईल. डिस्लेक्सियाच्या खुणा निराळ्या. आपली लिपी उच्चाराला बरीच धरून असल्यामुळे आपली मुलं इंग्रजीइतकं चुकीचं वाचत नाहीत, ती फार सावकाश वाचतात आणि त्यातच दमतात. मात्रांवर अडतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू मात्र 'क' आधी येतो. डोळ्यांचा क्रम एक, कानाचा दुसरा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' गोंधळात टाकतात. 'र' तर चार वेश घेतो: रस, सूर्य, प्रवास, तुमच्याच घरातल्या तिसऱ्या (शिंपल्या). दशावतारातल्या सोंगाड्यासारखा, म्हणून त्याला सांगून बघा, त्याला पटेल.

दुकानात मेंदूची टॉनिकं, स्मरणशक्तीची सिरपं मिळतात. घेऊ नका. डिस्लेक्सियावर औषध नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करून परत पाठवा.

तपासणीची तारीख मिळायला वेळ लागला तरी शिकवणं थांबवू नका. 1 जूनपासून मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत. बोट किनाऱ्यावर ओढलेली, मालक घरात, बाहेर पाऊस. याहून चांगला काळ वर्षात मिळणार नाही.

सुरुवात कानापासून करा, वही बाजूला ठेवून. 'सुरमई'तला 'सु' काढला तर काय उरलं? 'बांगडा'च्या शेवटच्या 'डा'ला 'डी' केलं तर काय झालं? बांगड्याची बांगडी झाली की तो हसेल. मग 'होडी' घ्या: होडी, जोडी, गोडी, गाडी. दर वेळी एकच आवाज बदलायचा आणि कुठला बदलला ते त्याला विचारायचं. हे चुलीपुढे बसून जमतं, जाळ्याची दुरुस्ती करताकरता जमतं. आठवडाभराने तेच शब्द अक्षरांच्या चिठ्ठ्या करून मांडायला द्या. पुठ्ठ्याचे चौकोन कापा, एकावर एकच अक्षर. सगळी बाराखडी एकदम नको. आधी फक्त काना: माड, काप, जाळ. तो हाताशी बसला की वेलांटी. चिठ्ठी सरकवताना आवाज तोंडाने मोठ्याने काढायचाच. उघडीप मिळाली तर पुळणीवर ओल्या वाळूत बोटाने अक्षरं काढू दे. पण वाळूत स्वतःची जादू नाही. बोट फिरताना आवाज निघाला नाही तर ते नुसतं चित्र होतं.

हे मी फार उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती, तुमच्या मुलासारखीच. 'पुस्तक' चुकवायची. मी तिला तो शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली, एकही चूक नव्हती, मी शाबासकी दिली. मग सहज लक्षात आलं की शाईच्या छटा उभ्या बदलत गेल्या आहेत. तिने आधी वरपासून खालपर्यंत पन्नास 'पु' लिहिले होते, मग पन्नास 'स्त', मग पन्नास 'क'. शब्द तिने एकदाही लिहिला नव्हता. रात्री किती वाजेपर्यंत बसली होती ते तिच्या आईने मला नंतर सांगितलं. ती वही मी अजून विसरू शकलेले नाही. तुमच्या मुलाला कुणी शंभरदा लिहायला सांगितलं तर गुरुजींना जाऊन भेटा, माझं नाव सांगा, हे पत्र दाखवा. वर्गात सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नये हेही सांगा. गुरुजी वाईट नसतात, त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं.

रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. तीनशे दिवस झाले की शंभर तास भरतात. केलर-जस्ट यांच्या अभ्यासातल्या मुलांना शिकवणारे खास तयार केलेले शिक्षक होते, त्यामुळे घरच्या शंभर तासांनी अगदी तेच होईल असं वचन मी देणार नाही. पण दिशा तीच आहे. विशेष शिक्षक मिळाले तर आंब्याचे पैसे त्यांच्यापर्यंत जाण्या-येण्याच्या एसटीला ठेवा. आणि रात्री झोपताना तुम्ही त्याला गोष्टी वाचून दाखवा, त्याच्या वयाच्या, त्याला समजतील त्या, त्याला वाचता येतील त्या नव्हे. वाचन मागे पडलं म्हणून त्याचं शब्दांचं भांडार मागे पडायला नको.

आता मालकांबद्दल थोडं. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात की ते कागद वाचत नाहीत, फक्त सही करतात. मला तिथे थांबावंसं वाटलं. आजोबांना वाचता येत नव्हतं ते शाळाच नव्हती म्हणून असेल, ते आता कळणार नाही. पण सातवीपर्यंत शाळेत गेलेला माणूस कागद बायकोपुढे सरकवतो तेव्हा त्यालाही कुणीतरी कधीतरी वर्गात उभं केलेलं असू शकतं. "होडी चालवायला वाचन कशाला" हे ते मुलाला कमी लेखून म्हणत नसतील. पोराच्या वाट्याला ते पुन्हा येऊ नये म्हणून म्हणत असतील. त्यांना दोष देऊ नका आणि धड्यालाही बसवू नका. चिठ्ठ्यांचा खेळ त्यांच्याकडे सोपवा, बाप-लेक मिळून. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांचे मेंदू तपासले गेले आहेत, 2017 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. मेंदूच्या अगदी आतल्या भागांचा दृष्टीच्या भागाशी चालणारा संवादसुद्धा त्या सहा महिन्यांत बदललेला आढळला. आपलीच लिपी, आणि शिकणारी माणसं तिशीच्या आसपासची. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना ओळखता.

आणि ते वहीचं पान. 'पवसळा', 'शळा', 'आबा' (आंबा लिहायचं होतं बहुतेक), सगळीकडे काने गळलेले, अनुस्वार नाहीत, गुरुजींच्या लाल रेघा. पण खाली कोपऱ्यात त्याने बोट काढली आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव: 'श्री रवळनाथ प्रसन्न'. एक काना इकडचा तिकडे नाही. 'श्री' नीट, 'प्र' नीट, दोन 'न' एकमेकांत व्यवस्थित अडकवलेले. तुम्ही मागे लिहिलंय की दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी बोट रंगवताना वडिलांबरोबर तो हे नाव गिरवतो.

ते चित्र म्हणून पाठ झालं आहे की त्याला ते वाचता येतं, हे मला इथून कळत नाही. यंदा रंगाचा डबा उघडाल तेव्हा एवढं करा. वडिलांना 'प्रसन्न' मोठ्याने म्हणत, एकेक आवाज ओढत, रंगवू दे, त्यालाही बरोबर म्हणायला लावा. मग 'प्र' वर बोट ठेवून विचारा, हा काय म्हणतो? आणि शेजारच्या फळीवर खडूने 'प्रकाश' लिहा, आधी न सांगता. तो त्यातला 'प्र' ओळखतो का, आणि त्याच्यापुढे 'का' जोडतो का, ते बघून मला कळवा. पुढचं काय करायचं ते त्यावरून सांगेन.